रिपोर्ट चांगला आला आणि मी गोळी सोडली

डाव्या बरगडीखाली जडपणा वाटायचा. नागपुरात धंतोलीत रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी १,८०,०००. असायला हव्यात चार ते अकरा हजार.

मग बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मज्जेची तपासणी. पालथं झोपवून कमरेच्या हाडाजवळ भूल दिली. सुई टोचताना फारसं कळलं नाही, पण सिरिंज ओढली तेव्हा आतून कुणी पायापर्यंत खेचतंय असं वाटलं. दोन-तीन सेकंदच. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

निदान सीएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर. ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जनुक तयार होतं, तिथून हा आजार. त्यावर इमॅटिनिबची गोळी, ४०० मिलिग्रॅम, रोज जेवणासोबत, मोठा ग्लास पाण्याबरोबर. डोळ्यांखाली सूज, रात्री पोटऱ्यांत गोळे. वर्षभरात रक्तातलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली आलं. मला वाटलं, सुटलो. नवतपात मळमळ सोसवेना, तेव्हा कुणाला न सांगता गोळी सोडली. दीड महिन्यानं हिला कपाटात न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. "काहून बंद केली जी?" एवढंच म्हणाली. तपासलं तर आकडा २ टक्क्यांवर.

डॉक्टर रागावले नाहीत. रिपोर्टच्या मागे त्यांनी दोन गोल काढले. एक लहान: जवळजवळ सगळं केंद्रकच, भोवती पेशीद्रव्याची बारीक किनार, आरएनए अगदी कमी. ही कॅन्सरची झोपलेली, म्हणजे विभाजन न करणारी मूळ पेशी. दुसरा मोठा, आरएनएनं भरलेला, डीएनए दुप्पट करून दोन व्हायला निघालेला. गोळी बीसीआर-एबीएलचं काम अडवते, आणि वाढणाऱ्या पेशी त्यावरच जगतात, म्हणून त्या मरतात. झोपलेलीला त्याची तेवढी गरजच नसते. ती मज्जेत टिकून राहते आणि गोळी थांबली की तिच्यापासून पुन्हा नव्या पेशी सुरू होतात. रक्तातला आकडा उतरला तो तिच्या पिलावळीचा, तिचा नव्हे.

मी विचारलं, "मग जन्मभर घ्यायची का?" खोल प्रतिसाद, म्हणजे अगदी नगण्य आकडा, निदान दोन वर्षं टिकला, तर देखरेखीखाली थांबवून पाहता येतं, म्हणाले. तरी जवळपास निम्म्यांना पुन्हा सुरू करावी लागते.

आता गोळी रात्रीच्या जेवणासोबत घेतो, मळमळ कमी आहे. पुढचा रिपोर्ट ०.४ आला. पट्टीतल्या गोळ्या हीच मोजते.