एका सुळक्याची दोन नावं

यादीत दिलेल्या जागी उतरलो, तर तिथे डोंगरच नाही. पायाखाली निळं, काचेसारखं बर्फ आणि लांब उजव्या हाताला एक काळा सुळका.

"भाई, पहाड़ कहाँ है?" दादांनी विचारलं. बंगाली भूवैज्ञानिक, तळावर सगळ्यांचेच दादा.

अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री तळाच्या दक्षिणेला वोल्टाट पर्वत आहे. तिथल्या ग्रुबर रांगेत माझं काम सर्व्हेचं. 'स्कार' ही अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती. १९९२ पासून तिच्या एकत्रित यादीत प्रत्येक देश आपापली नावं घालतो. त्यात दोन देशांची दोन शिखरं मला एकमेकांपासून तीनेक किलोमीटरवर दिसली होती. शिखरं खरंच दोन की एकच, हे बघायला आलो होतो.

दादा म्हणाले, सुळका अर्ध्या तासावर आहे. पावणेदोन तास चाललो! हवेत धूळ नाही, आसपास झाड नाही, घर नाही; डोळ्याने अंतर मोजायचं तरी कशावरून?

वर पोचल्यावर हाताने छिद्र पाडून पितळी बोल्ट ठोकला, ट्रायपॉडचे पाय दगडांनी दाबले. पुढचे दोन तास जीपीएस चालू ठेवून बसायचं होतं. जादा बॅटरी मी जॅकेटच्या आत पोटाशी धरली होती. पराठे दगड झालेले, ते काखेत धरून मऊ केले. (चव विचारू नका.) दादा तेवढ्यात अ‍ॅनॉर्थोसाइट खडकाचे तुकडे फोडत फिरत होते.

चूक कुठून आली असेल, त्याचा अंदाज होताच. १९३९ च्या जानेवारीत 'श्वाबेनलँड' जहाजावरच्या जर्मन विमानांनी इथले हजारो फोटो काढले, पण खाली जमिनीवर पक्के मोजलेले बिंदू नव्हते. अशा फोटोंना खुंटीच नसते, अख्खी रांग सरकते. त्यांवरून नकाशे करणारे ओटो फॉन ग्रुबर. या रांगेला त्यांचंच नाव. वोल्टाट मात्र मोहिमेच्या पैशाची सोय लावणारे सरकारी अधिकारी. निधी मंजूर करणाऱ्याचं नाव पाटीवर लागणं आपल्याला काही नवीन नाही.

हिशेब लागला. दुसऱ्या शिखराची जागा आमच्याच सुळक्यावर पडत होती. म्हणजे डोंगर एक, नावं दोन.

मला तो लिंगाण्यासारखा दिसत होता, दादांना इलिश माशाच्या पाठीसारखा. हेलिकॉप्टर येईपर्यंत आमचं तेच भांडण. शेवटी फील्डबुकात मी 'लिंगाणा' लिहिलं आणि दादांनी माझंच पेन घेऊन शेजारी 'इलिश'.

पुढे गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात बसून अहवाल लिहिला. स्कारची यादी कुठल्याच देशाचं नाव खोडत नाही, त्यामुळे दोन्ही नावं राहिली. फक्त एकाच ठिकाणी आणावीत, एवढीच शिफारस केली. आमची दोन्ही नावं फील्डबुकातच राहिली.

बोल्टवर मी '७' कोरून आलो होतो. आमच्या नकाशावर त्या टोकाशी तेवढंच छापलंय.