तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदू हलतो ते मोजून काय मिळतं?

लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच. जोडीला दुसरा प्रश्नही असतो: जास्त विचार केला की मेंदू जास्त हलतो का? नाही हो. ठोक्यागणिक रक्त कवटीत शिरतं, कवटी ताणली जात नाही, मग मेंदूभोवतीचं पाणी खाली मणक्यात सरकतं आणि ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा खालचा देठ, किंचित खाली येऊन परत जातो. तान्ह्या बाळाची टाळू उडते तीही ठोक्यानेच. तेल घालणाऱ्या आजीला हे एमआरआयवाल्यांच्या आधीपासून ठाऊक आहे.

तुम्ही व्हिडिओत पाहिलेला तो डचमळणारा मेंदू खोटा नाही, वाढवलेला आहे. खरी हालचाल मिलिमीटरच्या काही दशांशांची, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. 1987 सालीच एमआरआयने तिचा वेग मोजला होता. 2016 मध्ये आलेल्या ‘अ‍ॅम्प्लिफाइड एमआरआय’ने ती डोळ्यांना दिसेल इतकी मोठी केली, 2021 मध्ये तिन्ही दिशांनी. मी याच कामात आहे आणि मला ते आवडतं. त्याबद्दल माफी मागणार नाही.

पण आत्याचा फोन सांगायला हवा.

तिच्या मुलीला खोकलं, हसलं, की मानेच्या वर कळ येते. एमआरआयमध्ये लहान मेंदूची टोकं कवटीच्या खालच्या भोकातून 4 मिलिमीटर उतरलेली. 5 च्या पुढे गेली की किआरी (लहान मेंदू असा खाली उतरण्याचा दोष) म्हणायची सर्वसाधारण पद्धत, म्हणून हिला ‘नॉर्मल’ सांगून घरी पाठवलं. आत्याने सीडी धाडली. “तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये घालून बघ की गं.”

मी म्हटलं, ही स्थिर चित्रं आहेत. नाडीशी जुळवून, एका ठोक्याच्या आतली चित्रांची मालिका घ्यावी लागते. नसलेली हालचाल वाढवणार कशी?

“मग तशी काढून घेऊ. खर्चाचं आम्ही बघतो.”

मग खरं ते सांगावं लागलं. किआरीच्या रुग्णांत ही टोकं सरासरीने जास्त हलतात आणि शस्त्रक्रियेनंतर हालचाल कमी होते, हे अभ्यासांत दिसलंय. पण ती गटांची सरासरी. या एका मुलीचा आकडा काढला, तरी त्यावरून ‘दुखतंय ते यानेच’ असं मी म्हणू शकत नाही.

आत्या थोडं थांबून म्हणाली, “म्हणजे ज्यांना काही झालेलं नाही, त्यांचेच मेंदू मोजता होय?”

झोंबलं. कारण आमच्याकडे बरेचसे निरोगी स्वयंसेवकच असतात, त्यात मीही. निरोगी मेंदू किती हलतो हे कळल्याशिवाय आजारी कसा ओळखणार, हे माझं ठरलेलं उत्तर आहे आणि ते बरोबरही आहे. पीएचडीला लागले तेव्हा तेवढ्यावर माझं समाधान व्हायचं. स्थिर चित्रातले 4 आणि 5 यांच्यावरून माणसाचं दुखणं ठरवणं चूक, असं तेव्हा मी तावातावाने बोलायचे. आजही बोलते. 5 च्या पुढे असूनही कधी डोकं न दुखलेली माणसं असतात. फक्त 5 च्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरा आकडा नाही.

शेवटी मी तिला सीएसएफ फ्लो स्टडीबद्दल, म्हणजे मेंदूभोवतीच्या त्या पाण्याचा प्रवाह एमआरआयने बघतात त्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचारायला सांगितलं. ती होते आपल्याकडे. रिपोर्टमध्ये लिहून आलं, मागच्या बाजूला प्रवाह ‘किंचित कमी’. किंचित म्हणजे किती, हे आता आत्या मला विचारते.