अपघात किती वाजता झाला?

एमएस सर्जरीला लागलो तेव्हा प्रबंधाचा विषय मी मोठ्या हौसेने ठरवला होता. गंभीर अपघातानंतर अंगात जो दाह पेटतो, त्याचा रक्तात माग काढायचा. इंटरल्युकिन-६ हे दाहाचा निरोप पोचवणारं प्रथिन मोजायचं, सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पाणीदार भाग) उणे ८० अंशांत ठेवायचं. माझ्या गाइड मॅडमनी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, वाचली आणि विचारलं, "मे महिन्यात लाईट गेली तर तुझं सिरम कोण सांभाळेल? आणि किटचे पैसे?" मी गप्प. "आपल्याकडे जे रोज होतं, तेच नीट मोज." म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन). रुसूनच बाहेर पडलो.

रुसवा वाचता वाचता गेला. मोठ्या जखमेनंतर काही तासांतच पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. दोघांचा भागाकार केला की दाहाचा अंदाज येतो, आणि तो साध्या सीबीसीतून निघतो. आणि जंतू नसताना ताप का येतो? २०१०च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं, की चिरडलेल्या पेशींमधला मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए रक्तात सुटतो. मायटोकॉन्ड्रिया मुळात जिवाणूंचे वंशज, म्हणून शरीराला घरचाच माणूस चोर वाटतो. हे वाचलं त्या रात्री ड्युटी असूनही झोप आली नाही.

बीसीबीआर हा संशोधनाचा ऑनलाइन कोर्स पीजीला सक्तीचा. व्हिडिओ दीडपट वेगाने बघून पास झालो, एवढंच.

एथिक्स कमिटीने मात्र संमतीपत्र दोनदा परत पाठवलं. कमिटीत डॉक्टर नसलेले एक निवृत्त गुरुजी होते. ते म्हणाले, "हे माझ्या सालदाराला वाचून दाखवलं तर त्याला काय कळेल?" मी 'दाहजन्य प्रतिसादाचे मूल्यमापन' असं काहीतरी लिहून ठेवलं होतं. ते खोडून 'मार लागल्यावर अंग कसं तापतं ते बघणार' असं लिहिलं. दुसरा प्रश्न बेशुद्ध पेशंटचा. त्याच्या वतीने नातेवाइकाची सही, वाचता येत नसेल तर अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदार, आणि पेशंट शुद्धीवर आला की त्याला पुन्हा विचारायचं.

पहिल्याच आठवड्यात एका आजीने हात धरला. "आते कसाले रगत लेतस भो?" मी अमळनेरचा, घरात अहिराणी, पण वॉर्डात उगाच पुस्तकी बोलायचो. तिला तिच्या बोलीत सांगितलं, की वेगळी सुई नाही, रोजच्याच नळीतलं घेणार. मग अंगठा उमटला.

चौदा पेशंट झाल्यावर आकडे घेऊन स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे गेलो. त्यांनी तक्ता वर-खाली पाहिला. "यांचा शून्य तास कोणता? तास मोजायला सुरुवात कुठून केलीस?" मी कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधली वेळ धरली होती. त्यात एक हायवेवरून चाळीस मिनिटांत आलेला, दुसरा धडगावकडून दोन दवाखाने करत दुसऱ्या दिवशी पोचलेला. सीआरपी चढायलाच काही तास लागतात आणि शिखर साधारण दोन दिवसांनी येतं. म्हणजे एकाचा पहिला दिवस हा दुसऱ्याचा दुसरा दिवस, आणि मी दोघांना एकाच रकान्यात बसवलेलं! सरांनी अपघाती रक्तस्रावावरच्या क्रॅश-२ या औषधचाचणीची आठवण करून दिली. वीस हजारांवर पेशंट, आणि रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्सामिक अॅसिड मार लागल्यापासून ३ तासांच्या आतच द्यायचं हे आपण त्यातूनच शिकलो. "तिथे मार लागल्याची वेळ कुणी लिहिलीच नसती, तर?"

मग फोन लावत बसलो. चौदाच्या चौदा घरी. "किती वाजता" याला उत्तर मिळायचं 'सकाळच्या पाऱ्यात', नाहीतर 'रातले'. कुणाला दूध डेअरीवर घातल्याचं आठवायचं, कुणाला मुक्कामी एसटी. रावेरकडचा एक केळीवाला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, लाईट आली, मोटर चालू केली आणि येताना पोरगा मोटरसायकलवरून पडला." घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं, पण शेतीच्या लाईटीचं वेळापत्रक ठरलेलं. त्या आठवड्यात ती रात्री बाराला येत होती. बाराच्या पुढे वीस मिनिटं. इतकी पक्की वेळ मला कुठल्याच रेफरल चिठ्ठीत सापडली नव्हती.

दोघांची वेळ काही केल्या लागेना, ते वगळले. तासांप्रमाणे पुन्हा मांडल्यावर आकड्यांची उड्या मारण्याची सवय बरीच कमी झाली. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: 'मार लागल्याची वेळ, आणि ती कशावरून ठरवली'. मॅडम तो वाचून हसल्या, पण खोडला नाही.

परवा रात्री कॅज्युअल्टीत नव्या इंटर्नने माझ्यापुढे कागद धरला. वेळ: लाईट आल्यावर.

"कोणत्या गावची?" मी विचारलं.