जबडा, ब्रेसेस, ऑपरेशन आणि माझा 'स'

आमचं कराडला मेडिकल आहे, बाबांनंतर मीच बघते. होलसेलरला फोनवर ऑर्डर द्यायची म्हणजे सेटिरिझिन, अझिथ्रोमायसिन, सॅल्ब्युटामॉल असली नावं, आणि माझा स तोंडातून निघायचा तो थ च्या अंगाने. समोरचा परत परत विचारायचा, शेवटी मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचे. औषधाच्या नावात गफलत झालेली चालत नाही म्हणून जिवाला घोर असायचा, आणि काउंटरवर एखादं म्हातारं माणूस "काय म्हणालीस गं ताई?" करून कान पुढे करायचं तेव्हा फार वाईट वाटायचं.

लहानपणापासून घरचं निदान एकच, हिची जीभ जड आहे. आजी वेखंड उगाळून मधातून चाटवायची, शाळेत बाई म्हणायच्या तोंडात काय धरलंयस, नीट बोल. एका डॉक्टरांनी जिभेखालचा पडदा आखूड आहे का तेही बघितलं, तो नॉर्मल निघाला आणि विषय तिथेच थांबला. खरंतर सगळं समोर दिसत होतं. माझा खालचा जबडा वरच्याच्या पुढे होता, दाढा घट्ट मिटल्या तरी पुढचे दात एकमेकांना टेकायचेच नाहीत, पेरू असो की भाकरी, मी बाजूच्या दातांनीच तोडायचे. घरात म्हणायचे आत्यावर गेलीय, तिचीही हनुवटी अशीच. जबड्याची ठेवण घराण्यात चालत येते हे बरोबरच आहे, पण बोलण्याशी त्याचा संबंध कुणी लावलाच नाही.

तो लावला दाढ दुखते म्हणून गेले त्या डेंटिस्ट मॅडमनी. माझं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "स म्हण आणि जिभेकडे बघ." जिभेचं टोक सरळ पुढच्या फटीत येऊन बसलेलं! मग ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबडा जुळवणारे डॉक्टर, ओपीजी म्हणजे सगळ्या दातांचा एक लांबट एक्स-रे, डोक्याचा बाजूने काढतात तो एक्स-रे म्हणजे सेफॅलोग्राम, दातांचे साचे. तिथे नीट समजलं. स म्हणताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीजवळ जाते, मधे एक बारीक वाट राहते, तिथून हवा जोरात येऊन दातांच्या कडांवर आपटते आणि तो सुस्स आवाज होतो. माझ्याकडे आपटायला समोर दातच जुळलेले नव्हते, हवा पसरायची आणि फट बुजवायला जीभ पुढे यायची. चमचा, झाडू, जाळं यातले च झ ज असेच बिघडायचे, चहातला च त्यामानाने बरा. फोन, फाईल म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागायला हवा, माझं उलट, वरचा ओठ खालच्या दातांना लागायचा. हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

फरक हाडातच होता म्हणून नुसत्या ब्रेसेसने भागणार नव्हतं, आधी ब्रेसेस मग ऑपरेशन असं ठरलं. अशी ऑपरेशनं सहसा जबड्याची वाढ थांबल्यावरच करतात, माझी केव्हाच थांबलेली. आणि इथे एक गोष्ट सांगते जी आधी सांगितली गेली म्हणून मी टिकले. जबडा पुढेमागे असला की दात आपोआप वाकून तो फरक झाकत असतात, माझ्यासारखा खालचा जबडा पुढे असेल तर खालचे आत झुकतात, वरचे बाहेर. ब्रेसेसनी पहिल्यांदा ते झुकलेले दात सरळ केले, म्हणजे झाकलेला सगळा फरक उघडा पडला. दीडेक वर्षाच्या त्या काळात चेहराही जास्त विचित्र दिसायला लागला आणि बोलणं आधीपेक्षा बिघडलं. लोक म्हणायचे एवढे पैसे घालून हे काय केलंस, आई तर रडायचीच. पण ऑपरेशनमधे जबडा बरोबर जागी बसवायचा तर सहसा आधी दात आपापल्या हाडावर सरळ उभे करून घेतात, माझंही तसंच ठरलं होतं.

ऑपरेशन दोन्ही जबड्यांचं झालं. सगळे काप तोंडाच्या आतून, बाहेर एक व्रण नाही. वरचा जबडा पुढे आणून मागून थोडा वर, खालचा मागे, आणि टायटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रू. इन्शुरन्सवाल्यांनी आधी कॉस्मेटिक म्हणून क्लेम नाकारला होता, मग सर्जनकडून चावणं आणि बोलणं दोन्हीला अडचण आहे असं स्पष्ट लिहून घेतलं आणि परत फाईल पाठवली, तेव्हा काही भाग मिळाला. खर्च झेपणारा नसेल तर मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, तिथे नक्की चौकशी करा.

नंतरचे आठवडे दातांना रबर लावलेले, पेज, ताक, वरणाचं पाणी, तेही सिरिंजने. खालचा ओठ पूर्ण बधिर, कारण त्याची नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते. ताक हनुवटीवरून ओघळायचं ते मला कळायचं नाही, आई पुसायची. प, ब, म म्हणताना ओठ मिटलेत की नाही तेच समजायचं नाही, म्हणून आरशात बघून बोलायचे. हळूहळू जाणीव परत आली, हनुवटीवर एक छोटा पट्टा अजून सुन्न आहे.

सूज गेली, रबर निघाले, दात छान जुळले, पण स अजूनही जुनाच! जबडा नवीन होता आणि जीभ जुन्याच रस्त्याने जात होती. काहींचं बोलणं काही महिन्यांत आपसूक सुधारतं, माझं नाही सुधारलं, म्हणून स्पीच थेरपिस्ट. त्यांनी आधी स ला हातच लावला नाही. गप्प बसताना आणि गिळताना जीभ वर हिरडीला टेकलेली पाहिजे, एवढंच पहिले बरेच दिवस. मग त-त-त-त भराभर म्हणायचं आणि शेवटचा त लांबवत न्यायचा, त्स्स्स, की तिथून स सुटतो. त्यातच चमचातला च पण सापडला. समोरच्या दातांपुढे कोकची स्ट्रॉ धरून स म्हणायचं, हवा बरोबर मधून आली तर स्ट्रॉतून शिट्टीसारखा आवाज येतो, बाजूने निसटली तर स्ट्रॉ गप्प. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा मी आणि थेरपिस्ट ताई दोघी ओरडलोच. मग शब्द, मग वाक्यं, मग पेपर मोठ्याने वाचणं, आणि सगळ्यात शेवटी फोन, कारण तिथे चेहरा नसतो, नुसता आवाज.

आता ऑर्डर एका दमात देते. दिवसभर बोलून दमले किंवा रात्री रिटेनर (दात परत हलू नयेत म्हणून घालतात तो साचा) घातला की स जरा घसरतो, ते चालायचंच. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी ब्रेसेस लावायच्या आधीच मोबाईलवर पाच मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी परत करा आणि ते थेरपिस्टना ऐकवा. आणि सर्जनला पहिल्याच भेटीत विचारा की स्पीच थेरपिस्टची गाठ कधी घालून देणार, कारण चेहरा आणि चावणं याबद्दल ते स्वतःहून सांगतात, बोलण्याचं बहुतेक वेळा आपल्यालाच विचारावं लागतं.