२२/७ आणि आखाडातल्या पुऱ्या

मंगळवार, २२ जुलै २०२५
आषाढ वद्य द्वादशी

आमच्या मावसभावाला निवृत्त झाल्यापासून एक छंद जडलाय. सकाळी चहाच्या आधी घरच्या ग्रुपवर ‘आज अमुक दिन’ असा संदेश टाकायचा. वडापाव दिन, डुलकी दिन, काहीही. बाकीचे अंगठा दाखवतात आणि कामाला लागतात. मीही तेच करते. आज मात्र त्याने टाकलं, ‘२२ जुलै, पायच्या अंदाजी किमतीचा दिवस’, आणि मी चक्क उत्तर दिलं. पाय (π) म्हणजे वर्तुळाचा घेर व्यासाच्या जितक्या पट असतो तो आकडा, अंदाजे २२/७. आज करण्यासारखं काहीतरी होतं.

या दिवसांचं मला एवढंच कळतं की हाताला काही काम असेल तर दिवस टिकतो. नुसतं चित्र पुढे ढकलायचं असेल तर तो दुपारपर्यंतही पोचत नाही. आणि ज्यात शेवटी ‘आज २० टक्के सूट’ येतं, त्याला मी सणच मानत नाही. ती दुकानाची पाटी झाली.

पायचा मूळ दिवस १४ मार्च. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून ३/१४. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी १९८८ साली सहकाऱ्यांना जमवलं, सगळे गोल गोल चालले आणि मग ‘पाय’ नावाचे फळं भरलेले गोल पदार्थ खाल्ले. एवढाच तो सण. खाणंही नावावरूनच ठरलेलं. पुढे दुपारी १ वाजून ५९ मिनिटांचा मुहूर्तही आला, कारण ३.१४ च्या पुढचे आकडे १५९. चेष्टेचीच गोष्ट, पण २००९ मध्ये तिकडच्या प्रतिनिधीगृहाने त्यावर ठराव केला आणि २०१९ मध्ये युनेस्कोने तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. आपल्याकडे रामानुजनांच्या जन्मदिवशी, २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिन असतो. त्या दिवशी शाळेत भाषणं होतात. धाकटीला विचारलं तर ती म्हणाली, “हो, बसून ऐकायचं असतं.”

आपण तारीख आधी लिहितो, म्हणून आपल्याला २२/७ शोभतो. शिवाय मला आज एका गोष्टीचा फार आनंद झाला. २२ ला ७ ने भागलं की ३.१४२८ येतात, आणि खरी किंमत ३.१४१५९ च्या पुढे. म्हणजे नुसत्या ३.१४ पेक्षा २२/७ कणभर जवळच आहे. अंदाजी म्हणून हिणवलेला दिवस मूळ दिवसापेक्षा अचूक निघाला! हे मी स्वयंपाकघरात मोठ्याने जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, “बरं. आता कणीक मळ.”

परवा अमावास्या, आणि आमचं आखाड तळणं राहिलं होतं. कापण्या सकाळीच झाल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या संध्याकाळी करायच्या ठरल्या, आणि मला वाटलं, अमेरिकेतल्यांना पाय तर आपल्याला पुरी. गोल असण्याशी मतलब.

धाकटीला शिवणाच्या डब्यातला दोरा आणायला लावला. भांड्याच्या तोंडाभोवती एक वेढा घ्यायचा, तेवढा दोरा कापायचा, आणि मग तो भांड्याच्या मधोमध आडवा किती वेळा बसतो ते बघायचं. कढई, पोळपाट, कणकेचा डबा, आजीची बांगडी. प्रत्येक वेळी तीनदा बसतो आणि थोडंसं शेपूट उरतं. बांगडीचं शेपूट नखाएवढं, कढईचं त्याहून कितीतरी लांब, पण दोन्हीकडे ते आडव्या मापाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढंच. पाचव्या भांड्यापर्यंत धाकटीच्या चेहऱ्यावर संशय होता, मग तिने स्वतःहून हिंगाची डबी मोजायला घेतली. पुरी मात्र नापास झाली. तिखटमिठाची पुरी कुणाच्याच हातून इतकी गोल लाटली जात नाही, आणि फुगल्यावर तर मोजायचं काय हाच प्रश्न.

खरी गंमत पेल्याची. ही कुठल्याही घरात करून बघावी. स्टीलचा साधा पाणी प्यायचा पेला समोर ठेवायचा आणि विचारायचं, याची उंची जास्त की तोंडाचा घेर? नवरा म्हणाला, “उंची. यात विचारायचं काय?” शेजारचे काका वाटी परत द्यायला आले होते, तेही उंची म्हणाले. आमच्या पेल्याचं तोंड ७ सेंटिमीटरचं, म्हणजे घेर २२. दोरा गुंडाळून, कापून पेल्याशेजारी धरला तर जवळजवळ दुप्पट. काकांनी दुसरा पेला मागितला. मग चहाचा कप. मग ते दोरा घेऊनच घरी गेले, काकूंना विचारायला. वाटी पुन्हा आमच्याकडेच राहिली.

२२/७ ची शिफारस आपल्याकडे जुनी आहे, हे मला कुठेतरी वाचलेलं आठवत होतं, म्हणून रात्री पुस्तक काढलं. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त दोन रीती दिल्यात. सूक्ष्म घेर हवा असेल तर व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा. स्थूल चालणार असेल तर २२ ने गुणा, ७ ने भागा. आणि या दुसऱ्या रीतीला त्यांनी ‘व्यवहारयोग्य’ म्हटलंय. ग्रहगणित करणारा माणूस, पण कढईला २२/७ पुरतो हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढल्याची त्यात नोंद आहे, आणि त्या मठाला कुणी काय द्यायचं ते शेवटी जुन्या मराठीत कोरलंय. पाटणादेवीला आम्ही गेलोय, धबधबा बघून आलोय. पुढच्या वेळी शिलालेखासाठी जायचं.

नवऱ्याचं म्हणणं, हे सगळे दिवस म्हणजे रिकामपणाचे उद्योग. मी गटारीची आठवण करून दिली. कॅलेंडरात ती दीप अमावास्या, दिव्यांची पूजा करायची. गटारी कुणी जाहीर केली, कुठल्या ठरावात? तरी पाळणारे किती शिस्तीत पाळतात. यंदा अमावास्या गुरुवारी आलीय, बऱ्याच घरांत त्या दिवशी मटण चालत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानापुढे परवा रविवारीच रांग होती. काल एकादशी, आज मंगळवार, राहिलेल्यांची उद्या बुधवारी. आमचे हेही रविवारी रांगेत उभे होते. तिथी हलवून सण साजरा करणाऱ्यांनी मला रिकामपणा शिकवू नये.

सासूबाईंनी विचारलं, तुझ्या या सणाचा मुहूर्त कधी? रात्री १० वाजून ७ मिनिटं, म्हटलं, रेल्वेच्या घड्याळात २२:०७. त्या साडेनवालाच झोपतात. आज जाग्या राहिल्या. १० वाजून ७ मिनिटांनी आम्ही सगळ्यांनी दह्याबरोबर एकेक गार पुरी खाल्ली आणि ती चांगली मुरली होती.

मावसभावाला फोटो पाठवला. तो इतका खूश झाला की त्याने पुढच्या महिन्याची यादीच धाडली. त्यातला ८ ऑगस्ट मी खूण करून ठेवलाय. पेनसिल्व्हेनियातल्या टॉम रॉय नावाच्या माणसाने असे बरेच दिवस काढलेत. २० फेब्रुवारीला भर दुपारी बाहेर येऊन, हात वर करून, ओरडून थंडी पळवायची, हाही त्याचाच. ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळायचं. बागेत ती इतकी येते की फुकट न्यायलाही कुणी तयार नसतं. आमच्या वहिनीच्या परसात दुधीभोपळ्याचं तेच होतं, आणि ती दर फेरीला दोन तरी माझ्या गळ्यात मारते.

यंदा ८ ऑगस्ट श्रावणी शुक्रवार आहे. काकू जिवतीच्या हळदीकुंकवाला येतील, आणि त्यांची पिशवी नेहमी चपलांपाशीच असते. वाटी त्यात ठेवायचीच आहे.