तापी समुद्राला मिळते तिथे: जळगाव ते हजिरा

खान्देशातली माणसं कपडा घ्यायला सुरतेपर्यंत जातात आणि तिथूनच परततात. समुद्रातला वायू जिथे किनाऱ्याला येतो ते, तापीच्या मुखाशी असलेलं हजिरा पुढे तीसेक किलोमीटरच आहे. समुद्रात तेल-वायूच्या विहिरी खोदाव्यात की नाही, यावर बोलणाऱ्याने ही वाट जरूर करावी.

जळगाव-सुरत रेल्वेने सुमारे ३०० किमी. वाटेत अमळनेर, नंदुरबार, नवापूर. काही गाड्या सुरतेच्या अलीकडे उधन्यालाच संपतात, तिकीट काढताना बघून घ्या. हजिऱ्याला प्रवासी रेल्वे नाही. भाड्याची गाडी परतीसकट ठरवा.

हजिऱ्याजवळचा सुवालीचा किनारा गाठायचा तो भरती-ओहोटी बघूनच. खंभातच्या आखातात पाणी कित्येक मीटर चढतं-उतरतं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सर्वांत जास्त. हजिऱ्याचंच कोष्टक पाहा, मुंबईच्या वेळा इथे लागू पडत नाहीत. ओहोटीला गाळात लांब चालत जाऊ नका: भरती सुरू झाली की आधी मागचे खोलगट भाग भरतात आणि परतीची वाट तुटते. पोहणं तर नकोच.

समुद्रातल्या विहिरींसाठी उभारलेला एकही प्लॅटफॉर्म (पोलादी मंच) इथून दिसत नाही. वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनने येतो. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसीन (वसई) वायूक्षेत्रातल्या वायूत विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो, तो हजिऱ्याच्या प्रकल्पात काढतात. परवान्याशिवाय आत प्रवेश नाही. कुंपणाजवळ फोटो काढू नका. परिसरात त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास आलाच तर वाऱ्याला आडवं चालत दूर व्हा. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, म्हणून वास थांबला तरी धोका टळला असं समजू नका.

कृभको या सहकारी खत संस्थेचा युरिया इथेच, वायूपासून बनतो. रावेरची केळी आणि चोपड्याचा कापूस युरियावरच पोसतात, तेव्हा हा वाद फक्त किनाऱ्यावरच्यांचा नाही. पण झळ त्यांनाच लागते: प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरांत मासेमारी बंद, आणि तळाशी ओढलेलं जाळं पाइपला अडकून फाटण्याची भीती. मेक्सिकोच्या आखातात २०१० साली तेलविहिरीच्या स्फोटात ११ कामगार गेले आणि तेल ८७ दिवस वाहत राहिलं. मात्र कच्चं तेल किनारा काळा करतं, तसा वायू करत नाही. दोन्हींना एकच नियम लावणं आम्हाला पटत नाही.

खरा प्रश्न विहीर आटल्यावरचा आहे. याच आखाताबाहेर आपल्या नदीच्या नावाचं ताप्ती वायूक्षेत्र होतं. त्याचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं. मग विहिरी सिमेंटने बुजवून प्लॅटफॉर्म कापून काढावे लागले. हे कामही जोखमीचं असतं आणि तेव्हा कमाई शून्य असते. म्हणून नव्या खोदकामाला होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: बुजवण्याचा पैसा पहिल्या वर्षापासून वेगळा ठेवला आहे का, तळावरचे पाइप काढणार की तिथेच सोडणार, आणि जाळं टाकण्याइतका तळ मोकळा झाल्याची तपासणी कोण करणार.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. बाकी महिन्यांत टोपी, प्यायचं पाणी आणि गाळात चालतील अशा पट्ट्याच्या चपला पुरेत.