सिरिंजला चिकटलेली साय

त्या दिवशीची गोष्ट डोक्यातून जातच नाही म्हणून लिहितेय. मी एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. २७ व्या आठवड्यातच जन्मलेलं बाळ होतं, वजन अजून किलोच्या आतच. आई दर तीन तासांनी दूध काढायची, रात्री तीनला पण, कधी ३० मिली तर कधी जेमतेम १५, आणि बाटली दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे द्यायची. बाळाला एकदम फीड दिलं की उलटी व्हायची म्हणून आम्ही पंपाला सिरिंज लावून नळीतून तासभर हळूहळू द्यायचो. फोर्टिफायर, म्हणजे दुधात मिसळायचं जास्तीचं पोषण, पण चालू होतं. तरी वजन रोज पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नव्हतं, खरं तर किलोमागे १५ ते २० ग्रॅम तरी वाढायला पाहिजे.

त्या सकाळी फीड संपलं, मी सिरिंज काढली आणि टाकायच्या आधी सहज उजेडात धरली. आत वरच्या कडेला पिवळट पांढरा थर, नळीत पण तसाच. बोटाने पुसून बघितलं तर चक्क तुपकट. साय! आईच्या दुधातल्या निम्म्या कॅलरी या फॅटच्या असतात आणि डीएचए नावाचं ओमेगा-३ फॅटी ॲसिड असतं ते पण यातच.

पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून डीएचए भराभर बाळाच्या मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात जातं, आणि या बाळाचे नेमके तेच महिने बुडालेले. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ ची मूळ ॲसिडं शरीर स्वतः बनवतच नाही, त्यांच्यापासून डीएचए बनतं खरं पण एवढ्याशा जिवाला ते पुरेसं जमत नाही. म्हणजे मिळणार ते नळीतूनच, आणि ते आम्ही रोज कचऱ्यात टाकत होतो. पोटात गोळाच आला माझ्या.

पंप आडवा ठेवला की फॅट वर तरंगतं आणि शेवटी सिरिंजमध्येच राहतं, एवढं साधं कारण. राउंडला मी ती सिरिंजच डॉक्टरांना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सिरिंज तिरकी लावा, तोंड वर, नळी आखूड घ्या. साय आधी जाऊ दे." त्यांनीच सांगितलं की २०२२ च्या एका अभ्यासात २९ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना रोज किलोमागे ६० मिलिग्रॅम डीएचए दिलेलं, तर पाचव्या वर्षी आयक्यू सरासरी साडेतीन पॉइंट जास्त आला. एका बाळाबद्दल यावरून काही सांगता येत नाही, पण आहे ते वाया घालवायला तर नकोच ना!

दुपारच्या फीडनंतर सिरिंज जवळपास स्वच्छ निघाली. आई काचेपाशी उभी होती, तिला आत बोलावून सगळं खरं सांगितलं, आधी काय होत होतं ते पण. ती काहीच बोलली नाही. सिरिंज हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होती. मग हळूच विचारलं, "सिस्टर, म्हणजे आता सगळं त्याच्या पोटात जातंय?"

"हो गं, आता जातंय."

डोळे पुसले आणि दूध काढायची वेळ झाली म्हणून गेली.